गेट बंद करून मोरी काढायची म्हणतात : ग्रामसभेने ठराव द्यावा का?

माळावरचा | २८ जुलै २०२५, रात्री ९:४०

राम राम मंडळी.

काल गावी गेलो होतो. गाव पुणे–दौंड मार्गावर, शटलने तासाभराच्या आत. नाव मुद्दाम देत नाही, कारण निम्मी भावकी इथे वाचनमात्र आहे. गावठाणातून मळ्याकडे निघालं की रेल्वेचं गेट लागतं. अलीकडे शाळा, दवाखाना, सोसायटी. पलीकडे निम्म्याहून जास्त रानं आणि दोन वस्त्या. आमचं घर वस्तीवर, त्यामुळे आयुष्यातला बराच काळ गेटवर उभं राहण्यात गेलाय. दहावीच्या सहामाहीत भूगोलाच्या पेपरला मालगाडीमुळे उशीर झाला होता, आणि ही थाप नाही हे पटवायला वडिलांना शाळेत यावं लागलं होतं.

तर आता हे गेट बंद करून दीडशे मीटरवर रुळांखालून मोरी काढायचं घाटतंय. (कागदावर ‘मर्यादित उंचीचा भुयारी मार्ग’. गावात मोरीच.) त्यासाठी ग्रामपंचायतीचा ठराव हवाय आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय येणार आहे. गावात सरळ दोन तट पडलेत.

एक तट म्हणतो, डोळे झाकून ठराव द्या. गेल्या हंगामात उसाची डबल ट्रॉली बरोबर रुळावर आली आणि मागची पिन तुटली. एक ट्रॉली पार, दुसरी दोन्ही रुळांच्या मधोमध. गेटमन फोनला चिकटला, आणि आमचा चुलतभाऊ गमजा हलवत दौंडच्या दिशेने पळत सुटला. गाडी लांबवर थांबली, जीव गेला नाही कुणाचा, पण आई त्या दिवसापासून गेट आलं की रिक्षातून उतरते आणि चालत ओलांडते. रिक्षा मागून येते.

दुसरा तट शेजारच्या गावाकडे बोट दाखवतो. तिथे तीन वर्षांपूर्वी अशीच मोरी झाली. ब्लॉक घेऊन, म्हणजे गाड्या थांबवून, एका रात्रीत सिमेंटची खोकी बसवली, काम बघायला आम्हीही गेलो होतो, खरंच वाखाणण्यासारखं. पण जून ते ऑक्टोबर मोरीत गुडघ्याएवढं पाणी. मग माणसं काय करतात? चढतात वर आणि रूळ ओलांडतात. जिथे पूर्वी गेट होतं, गेटमन होता, दिवा होता, तिथे आता यातलं काहीच नाही आणि माणसं मात्र तीच.

माझा प्रश्न एवढाच : ठराव द्यायचा की नाही, आणि द्यायचा तर त्यात काय लिहून घ्यायचं? यातून गेलेलं कुणी आहे का इथे?

——

मुठाकाठ | २८ जुलै, रात्री ९:५८

गेटवर उभं राहण्याच्या शास्त्रात पदवी हवी असेल तर घोरपडीकरांना विचारा. त्यांच्यात दोन-दोन गेटांवर डॉक्टरेट केलेली मंडळी आहेत. 😀

——

कोथरूडकर_३८ | २८ जुलै, रात्री १०:१५

मला यात गहन काय ते कळलं नाही. गेट बंद असेल तर थांबायचं, उघडलं की जायचं. मोरीत पाणी असेल तर दुसऱ्या रस्त्याने जायचं. आपल्या लोकांना शिस्तच नको असते, मग सरकार काय करणार?

——

शाळामास्तरीण | २८ जुलै, रात्री १०:४१

कोथरूडकर, दुसरा रस्ता कुठला ते सांगा. मी ज्या शाळेवर आहे तिथला ‘दुसरा रस्ता’ साडेसहा किलोमीटरचा आहे आणि माझी मुलं तिसरी-चौथीतली आहेत. पावसाळ्यात मोरी भरली की पट रोडावतो. जी येतात ती रूळ ओलांडून येतात आणि ओल्या चपला व्हरांड्यात ठेवतात. कोण कुठून आलं ते मला चपलांवरून कळतं. मी त्यांना काय शिस्त लावू?

आम्ही शेवटी असं केलं : मोरी भरली की मोठ्या वर्गातला एक पालक आणि एक शिक्षक सकाळी रुळापाशी उभे राहतात. ते नियमात बसत नाही हे मला माहीत आहे. रूळ ओलांडणं हाच गुन्हा आहे, आणि आम्ही गुन्हा सुरक्षितपणे करायला मदत करतो.

——

मुठाकाठ | २८ जुलै, रात्री १०:४४

कोथरूडकरांना कर्वे रस्त्याचा सिग्नल तरी पाळताना बघायला आवडेल.

——

सीटी_फाटक | २९ जुलै, सकाळी ६:२०

आयडीवरून अंदाज आला असेलच. चौतीस वर्षं गाडी चालवली, आधी मालगाड्या, मग मेल-एक्सप्रेस. रुळाच्या कडेला ‘सी/फा’ लिहिलेली पिवळी पाटी दिसते ना, ती सीटी-फाटकची. फाटकाच्या ६०० मीटर आधी असते, तिथून शिट्टी सुरू करायची. आता हिशेब करा. ताशी १०० किमीने जाणारी गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर कापते, म्हणजे पाटीपासून फाटकापर्यंत २१-२२ सेकंद. समोर ट्रॉली दिसली आणि इमर्जन्सी ब्रेक मारला तरी एवढ्यात भरधाव गाडी उभी राहत नाही. तुम्ही ब्रेक मारता, शिट्टी दाबून धरता आणि बघत बसता. वळवायला काही नसतं हातात. माझ्या बाबतीत एकदा झालंय, त्यावर इथे लिहिणार नाही.

माळावरचा, तुमच्या चुलतभावाला माझा नमस्कार सांगा. पण एक गोष्ट समजून घ्या. तुमचं गेट इंटरलॉक असणार. म्हणजे गेट लागून कुलूप पडल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळतच नाही. ट्रॉली मध्ये, गेट लागलं नाही, सिग्नल लाल, गाडी उभी. एवढं साधं आहे ते. त्या सिग्नलच्या खांबावर पिवळ्या गोल पाटीवर ‘जी’ असतो. तो लाल मिळाला की शिट्टी द्यायची, दिवसा एक मिनिट आणि रात्री दोन मिनिटं थांबायचं, आणि मग पुढचं दिसेल तेवढ्याच बेताने गेटपर्यंत सरकायचं. तरी गमजा हलवत पळणाऱ्याला मी कधी हसणार नाही. आमच्यातही नियमच आहे, रुळावर अडथळा आला की गेटमनने लाल झेंडा दाखवत पळायचं आणि रुळावर फटाके बांधायचे : ६०० मीटरवर एक आणि १२०० मीटरवर तीन. चाक वरून गेलं की मोठा आवाज होतो, ड्रायव्हरला झोपेतही कळेल.

याच इंटरलॉकची दुसरी बाजू. सिग्नल दिला की गाडी जाईपर्यंत गेट उघडणं गेटमनच्याही हातात राहत नाही. तेव्हा “दोन मिनिटं उघड की” म्हणून त्याच्या आईबहिणीवर घसरणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. काही गेटांवर बारा-बारा तासांची पाळी असते. एकटा माणूस, एक फोन, एक माठ.

इंटरलॉक नसलेल्या गेटाचा सगळा भरवसा शब्दावर. स्टेशनमास्तर फोनवर गाडी सांगतो, गेटमन गेट लावतो आणि प्रायव्हेट नंबर देतो, म्हणजे गेट लागल्याची खूण म्हणून एक गुप्त आकडा. लावलं नाही आणि नंबर दिला तर? याच महिन्यात ८ तारखेला तमिळनाडूत कडलूरजवळ शाळेच्या व्हॅनला पॅसेंजर धडकली, तीन मुलं गेली. ते गेट बिगर-इंटरलॉक होतं. त्यानंतर रेल्वेमंत्र्यांनी फर्मान काढलं : सगळ्या गेटांवर सीसीटीव्ही, आणि इंटरलॉकिंगसाठी टीव्हीयूची अट २० हजारांवरून १० हजारांवर.

——

वाट_पाहणारी | २९ जुलै, सकाळी ९:०५

वाचतेय. काका, टीव्हीयू म्हणजे?

——

सीटी_फाटक | २९ जुलै, सकाळी ९:३०

ट्रेन व्हेइकल युनिट. चोवीस तासांत किती गाड्या गेल्या गुणिले रस्त्यावरून किती वाहनं गेली. समजा दिवसाला ८० गाड्या आणि ५०० वाहनं, तर टीव्हीयू ४० हजार. सगळ्या वाहनांना सारखा मान नसतो. मोटारीला एक, बैलगाडीलाही एक, रिक्षाला अर्धा.

——

उसाची_मोळी | २९ जुलै, दुपारी १:१२

बैलगाडीला एक आणि रिक्षाला अर्धा! पहिल्यांदा ऊसतोडवाल्यांचा कुणी मान ठेवला.

मी वाहतूक करतो, दोन ट्रॅक्टर आहेत, दौंड-इंदापूर पट्टा. माळावरचा, तुमच्या गावात ठराव घेताना या टीव्हीयूवरच पहिला हात घाला. लाखाच्या वर टीव्हीयू गेला तर उड्डाणपुलाचा विचार होतो, निम्मा खर्च रेल्वे आणि निम्मा राज्य सरकार. लाखाच्या खाली राहिला की मोरी, रेल्वेच्या खर्चाने. म्हणजे पूल मिळणार की मोरी, हे त्या मोजणीवर ठरतं. आता विचारा, मोजणी कधी झाली? आमच्याकडं एका गेटाची मोजणी झाली ऑगस्टात. ऑगस्टात काय असतं रस्त्यावर? दूधवाला आणि पोस्टमन. नोव्हेंबर ते मार्चमध्ये या, रात्री दोन वाजता गेटवर ट्रॉल्यांची रांग लागलेली असते, त्यात टायरगाड्या वेगळ्या.

दुसरं, मोरीची उंची. आमच्या ट्रकला कायद्यानं चार मीटर उंची. भरलेल्या उसाला कायदा कुणी सांगितलाय? ट्रॉली मोरीत शिरत नाही, शिरली तर वरच्या मोळ्या सिमेंटला घासून खाली पडतात, मागच्या मोटरसायकलवाल्याच्या अंगावर. लाईन इलेक्ट्रिक झाली तेव्हा गेटाच्या दोन्ही बाजूंना लोखंडी कमान आली, तिचा तरी आम्हाला राग नाही. वर २५ हजार व्होल्टची तार आहे, कमान नसती तर आमच्यातले चार जण भाजून मेले असते. पण मोरीला पर्याय काय ते सांगा. कारखाना एका बाजूला, ऊस दुसऱ्या बाजूला.

चूक आमचीही आहे, लिहून ठेवतो. दोन ट्रॉल्या, वर टेपरेकॉर्डर, मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टरवर चिखल. हंगाम सुरू होताना कारखान्यावर रिफ्लेक्टर लावून देतात, फोटो निघतात, पंधरा दिवसांत निघून पडतात. पिन बदलायला शंभर-दोनशे रुपये लागतात आणि आम्ही तार गुंडाळतो.

——

तालुकावकील | २९ जुलै, रात्री ८:०२

कायद्याचं थोडक्यात, कारण धाग्यात तो येणारच होता. रेल्वे अधिनियम १९८९, कलम १६० : बंद गेट परस्पर उघडलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, तोडलं तर पाच वर्षांपर्यंत. कलम १४७ : विनापरवाना रुळावर जाणं, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. (मास्तरीणबाई, तुमचं ते वाक्य मी वाचलेलं नाही.) आणि मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम १३१ बहुतेकांना माहीतच नसतं : पहारा नसलेल्या फाटकापाशी गाडी थांबवायची, क्लीनर किंवा सोबतच्या माणसाने पुढे जाऊन दोन्हीकडे बघायचं आणि गाडी पार करून द्यायची. सोबत कुणी नसेल तर चालकाने स्वतः उतरायचं. माळावरचा यांच्या आई रिक्षातून उतरतात ते कायद्याच्या भावनेला धरूनच आहे.

ब्रॉडगेजवरची मानवरहित फाटकं २०१९ च्या जानेवारीअखेर संपवली. २००५ साली नागपूरजवळ कन्हानला वऱ्हाडाची ट्रॉली अशाच फाटकावर सापडली होती, पन्नासहून जास्त माणसं गेली. तेव्हा मी कॉलेजात होतो. कालवा सगळ्यांनी केला, फाटकं संपायला पुढे चौदा वर्षं लागली.

——

कोथरूडकर_३८ | २९ जुलै, रात्री ८:३०

मग माझंच म्हणणं सिद्ध झालं की. रेल्वे सुरक्षेवरच्या काकोडकर समितीने २०१२ मध्येच सांगितलं होतं, पाच वर्षांत सगळी फाटकं काढून टाका, ५० हजार कोटी लागतील आणि सात-आठ वर्षांत वसूल होतील. गेट ठेवा म्हणणारे विकासाला आडवे येताहेत.

——

माळावरचा | २९ जुलै, रात्री ९:१०

गेट ठेवा असं मी कुठे म्हटलंय? गेट जाऊ दे. पण त्याच्या जागी जे येईल त्यातून बारा महिने माणूस आणि ट्रॉली जाऊ दे. काकोडकरांनी फाटकं काढा म्हटलं, तळी खोदा म्हटल्याचं मला आठवत नाही.

——

डांबरी | ३० जुलै, रात्री ११:२५

उशिरा लिहितोय, दिवसा साहेब मागे उभे असतात. मी रस्त्यांच्या खात्यात आहे, कुठल्या ते सोडा.

गावाला वाटतं गेट म्हणजे रेल्वेचं काम. रेल्वेची हद्द दोन्ही बाजूंना दगड आहेत तिथे संपते. त्यापुढचा रस्ता जिल्हा परिषदेचा, सार्वजनिक बांधकामचा नाहीतर ग्रामपंचायतीचा. आणि अपघाताला लागणारी निम्मी सामग्री त्याच शंभर मीटरमध्ये पडलेली असते. वेड्या बाभळी वाढून गाडी दिसत नाही. चढ इतका उभा की ट्रॅक्टरवाला लांबून रेस करून येतो आणि रुळावर गिअर बदलतो, तिथेच पिन तुटते. गतिरोधक उखडलाय, पट्टे पुसलेत, दिवा बंद. यातलं काहीही करायला दिल्लीची परवानगी लागत नाही. वित्त आयोगाच्या अबंधित निधीतून ग्रामपंचायत दिवे लावू शकते, झाडोरा काढू शकते. चढ कमी करणं आणि रुळालगत गाडी सपाटीला उभी राहील एवढा तुकडा करणं हे मोठं काम, त्यासाठी जिल्हा नियोजनमधून मागा. जिल्हाधिकारी रस्ता सुरक्षा समितीचे अध्यक्ष असतात, त्या बैठकीत तुमचं गेट विषयपत्रिकेवर आणायला सरपंचाचं एक पत्र पुरतं. आजवर मी अशी दोनच पत्रं पाहिली.

आता मोरी. चालू गेट बंद करायचं तर राज्य शासनाची संमती लागते, ती जिल्हाधिकाऱ्यांमार्फत जाते आणि फाइलला ग्रामपंचायतीचा ठराव लागतो. म्हणजे गावाच्या हातात पत्ता हा एकच. लोक तो हार-तुऱ्यात देऊन टाकतात आणि पाणी साचलं की निवेदनं देत फिरतात. ठरावाआधी फक्त एक गोष्ट विचारा : पाणी कुठे जाणार? नकाशात बाण काढलेला असतो, ‘ओढ्याकडे’. त्या बाणाच्या टोकाशी जाऊन उभे राहा. ओढ्याचा तळ मोरीच्या तळापेक्षा खाली असेल तर पाणी आपसूक जाईल. वर असेल तर खड्डा करून पंप बसवतील. मग पंप कोण चालवणार, वीजबिल कुणाच्या नावावर? ग्रामपंचायतीच्या. पहिल्या वर्षी भरतात, दुसऱ्या वर्षी कनेक्शन तुटतं, तिसऱ्या वर्षी पंपच चोरीला.

आणि तुमच्या पट्ट्यात आणखी एक भानगड आहे जी पुण्यात बसून नकाशा काढणाऱ्याला दिसत नाही. मुठा उजवा कालवा. आवर्तन, म्हणजे कालव्याचं पाणी, सुटलं की आजूबाजूच्या विहिरी चढतात हे तुम्हाला माहीत आहे, तसंच मोरीतही पाझरतं. मी एक मोरी मे महिन्यात ओली पाहिली आहे. आभाळात ढग नव्हता.

असतील ते उपाय : उतारावर पत्र्याचं छप्पर, तोंडाशी उंचवटा म्हणजे रस्त्याचं पाणी आत येत नाही, आडवी जाळीची गटार. हे मूळ अंदाजपत्रकात बसवून घ्या. नंतर बसत नाही.

——

शाळामास्तरीण | ३१ जुलै, सकाळी ७:१५

डांबरी, हा प्रतिसाद छापून आमच्या सरपंचबाईंना देते. तुमच्या साहेबांना कळणार नाही.

——

मक्याच्या_देशातून | ३१ जुलै, सकाळी ८:५०

मी मूळचा जेजुरीकडचा, सध्या अमेरिकेत इंडियानात, चहूकडे मक्याची शेतं. इथलं चित्र ऐकून मजा वाटेल. गावाकडच्या हजारो फाटकांना इथे गेटच नाही, नुसती फुलीसारखी पांढरी पाटी. गेटमन हा प्रकार तर कुणाला सांगूनही पटत नाही. स्कूलबसने मात्र प्रत्येक फाटकापाशी थांबायचं, चालक दार उघडून कान देतो आणि मगच पुढे जातो. वकीलसाहेबांचं कलम १३१ इथे रोज सकाळी माझ्या मुलीच्या बसमध्ये पाळलं जातं.

उचलण्यासारखी एक गोष्ट आहे. प्रत्येक फाटकावर एक छोटी निळी पाटी असते, तिच्यावर त्या फाटकाचा क्रमांक आणि रेल्वेचा आणीबाणीचा फोन. गाडी अडकली तर आधी माणसं बाहेर काढा, रुळापासून लांब जा, मग फोन करून तो क्रमांक सांगा. ‘अमक्याच्या मळ्याजवळ’ असं सांगत बसावं लागत नाही.

पैशाचं म्हणाल तर २०२१ च्या कायद्याने फाटकं काढण्यासाठी पाच वर्षांत तीन अब्ज डॉलर बाजूला ठेवले, त्यातला किमान पाचवा हिस्सा ग्रामीण आणि आदिवासी भागासाठी. अर्ज आमच्या काउंटीने, म्हणजे समजा जिल्हा परिषदेने, करायचा. आणि भांडणं तीच. आमच्या काउंटीत एक फाटक बंद करायची सुनावणी होती, एक म्हातारा शेतकरी उठून म्हणाला, माझं कापणीचं यंत्र पुलाखालून जात नाही. उसाची_मोळी, तुमची आठवण येईल असा माणूस.

——

उसाची_मोळी | ३१ जुलै, सकाळी ९:२०

त्यांना म्हणावं इकडं या, मिळून मोर्चा काढू.

——

सीटी_फाटक | ३१ जुलै, सकाळी १०:००

निळ्या पाटीची कल्पना चांगली. आपल्याकडेही प्रत्येक गेटाला क्रमांक असतो, गेटच्या खोलीवर लिहिलेला. विचारा गावात कुणाला पाठ आहे का. १३९ वर फोन करतानाही तो क्रमांक सांगितला तर काम होतं. पण गेटमन हाकेच्या अंतरावर असेल तर आधी त्याला सांगा, तो सेकंदात सिग्नल धरून ठेवू शकतो.

आणि एक राहिलं. डबल लाइनवर एक गाडी गेली की लगेच दांडीखालून वाकून निघू नका. तिच्या मागून, पलीकडच्या रुळावर, दुसरी येत असते आणि पहिलीच्या आवाजात तिचा आवाज बुडतो. मोटरसायकल आडवी करून दांडीखालून सरकवणारे मी इतके पाहिलेत की आता गेटवर मी स्वतः डोळे मिटून घेतो.

——

माळावरचा | १० ऑगस्ट, रात्री ८:३५

अपडेट. डांबरींनी सांगितलं तसं बाणाच्या टोकाशी जाऊन उभे राहिलो. आमच्यातल्या एका गवंड्याने लेव्हलची नळी आणली, तीच, पारदर्शक, पाणी भरून दोन टोकं धरायची. मोरीचा तळ किती खाली जाणार ते नकाशात होतंच. गेटापासून ओढ्यापर्यंत टप्प्याटप्प्याने नळी सरकवत नेली, वहीत आकडे टिपले, तीन तास गेले. मागून आठ-दहा पोरं आणि एक कुत्रं.

ओढ्याचा तळ मोरीच्या तळापेक्षा सव्वादोन फूट वर निघाला.

खात्री पटेना म्हणून दुसऱ्या दिवशी उलट दिशेने पुन्हा मोजलं. दोन-चार बोटांचा फरक, बाकी तेच. म्हणजे नकाशातला बाण चढावर वाहणारं पाणी दाखवतोय.

——

मुठाकाठ | १० ऑगस्ट, रात्री ८:४१

पुण्यात असं पाणी आम्ही फक्त टँकरने चढताना पाहिलंय.

——

डांबरी | १० ऑगस्ट, रात्री ११:५०

नळीचे आकडे तारखेसह, पंचांच्या सह्यांनी ठरावाला जोडा. “मोरी नको” असं लिहू नका, तो राजकीय ठराव होतो. “निचऱ्याची पातळी जुळत नाही, सुधारित आराखडा द्यावा” असं लिहा. त्याला उत्तर द्यावंच लागतं.

——

माळावरचा | १७ ऑगस्ट, दुपारी ४:०५

ग्रामसभा झाली. झेंडावंदनानंतर लोक पांगतात, यंदा कुणी हललं नाही. बोलावलेले अधिकारी आले होते, चांगले बोलले, चिडले नाहीत. नळीचे आकडे बघून त्यातल्या तरुण अभियंत्याने स्वतःच्या फोनमध्ये फोटो काढून घेतले आणि म्हणाला, आम्ही लेव्हल घेतली तेव्हा ओढा कोरडा होता, त्यानंतर वाळूउपसा करणाऱ्यांनी भराव टाकलेला दिसतो. तेही खोटं नसावं. ओढ्यात भराव कुणी टाकला हे गावात सगळ्यांना माहीत आहे आणि ग्रामसभेत कुणी नाव घेतलं नाही. मीही नाही.

ठराव झाला तो असा : गावाचा मोरीला विरोध नाही. सुधारित आराखड्यात निचरा, छप्पर आणि दिवे मूळ खर्चात धरावेत, पंप लागलाच तर बिल ग्रामपंचायतीवर टाकू नये. उसाच्या वाहनांना पर्यायी रस्ता ठरल्याशिवाय आणि मोरीतून एक पूर्ण पावसाळा पार पडल्याशिवाय गेट बंद करायला संमती समजू नये. शेवटच्या वाक्यावरून तासभर भांडण झालं. मोरी आणि गेट दोन्ही सांभाळणं परवडत नाही असं अधिकाऱ्यांचं म्हणणं, आणि ते वावगं नाही. पण वाक्य राहिलं.

ग्रामपंचायतीच्या बाजूने : बाभळी या आठवड्यात निघतील, दोन दिवे मंजूर, आणि गेटच्या दोन्ही अंगांना गेटाचा क्रमांक व १३९ लिहिलेली पाटी. रंग निळाच द्यायचा ठरवलंय.

मोजणीचा मुद्दाही घातला. वाहनांची फेरमोजणी गाळप हंगामात करावी असं लिहिलंय. आमचीही स्वतंत्र मोजणी करणार आहोत, डिसेंबरात, सलग चोवीस तास.

——

उसाची_मोळी | १७ ऑगस्ट, दुपारी ४:३०

डिसेंबरच्या मोजणीला मी येतो. मोजायला नाही, मोजून घ्यायला. दोन्ही ट्रॅक्टर, सहा खेपा धरा. पिना नव्या टाकून येतो.

——

वाट_पाहणारी | १७ ऑगस्ट, सायं. ५:१०

रात्रीच्या पाळीला माणसं मिळाली का?

——

माळावरचा | १७ ऑगस्ट, सायं. ५:२२

रात्री दहा ते सकाळी सहा चुलतभावाने मागून घेतलीय. गमजा घेऊन बसणार म्हणतो.